क्षेम कोणीं वाहावें?

गेल्या श्रावणांतील एका रविवारीं आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला. वादी आमचा भाचा. प्रतिवादी वारज्यांतील सर्व्हिस रोडवर गाड्या धुणारा एक पोरगा. आणि न्यायाधीशाची जागा केवळ वयाच्या मानानें आमच्याकडे चालून आली. मोटारसायकलची साखळी चालत्या गाडींत निसटली, तिचें खापर कोणाच्या माथीं फोडावें, एवढाच काय तो वादाचा मुद्दा. तो ऐकून पुष्कळांस हंसूं येईल. आम्हांसही प्रथम आलें. परंतु पंचवीस वर्षें विद्यार्थ्यांस नीतिशास्त्र शिकवूनही जी एक गोष्ट आमच्या नीटशी ध्यानांत आली नव्हती, ती ह्या क्षुल्लक खटल्यानें आमच्यापुढें आणून उभी केली. म्हणून तो वाचकांस सादर करीत आहों.

वारजे हें पूर्वीं मुठेच्या कांठचें एक खेडें. १९९७ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत आलें, आणि आतां मुंबई-बंगळूर महामार्ग त्याच्या उरावरून जातो. महामार्गाच्या दोहों बाजूंस टायरवाले, रंगवाले, गॅरेजवाले आणि वॉशिंग सेंटरें ह्यांची रांग लागलेली आहे. आमचा भाचा ह्याच वस्तींत आमच्याकडे राहतो व हिंजवडीस नोकरी करतो. पहिल्या वर्षाच्या पगारांतून त्यानें डोंगरवाटांवर चालणारी, उंच पायांची मोटारसायकल घेतली. खऱ्या चिखलशर्यतीच्या गाडीला दिवा नसतो, नंबराची पाटी नसते. ती टेंपोंत घालून मैदानावर न्यावी लागते. ह्याची गाडी ही तिची संसारी धाकटी बहीण म्हणावी. सोमवार ते शुक्रवार ती मुकाट्यानें नोकरीस जाते, आणि रविवारीं एन. डी. ए. रस्त्यानें खडकवासल्याच्या मागें कुडजे-मांडवीच्या बाजूस जाऊन मनसोक्त चिखलांत लोळून येते. परत येतांना ती वॉशिंग सेंटरांत शिरते आणि घरीं येते ती आरशासारखी लखलखीत.

त्या रविवारीं एका उतारावर साखळी दांत्यांवरून सुटली, पुढच्या चक्रापाशीं गोळा होऊन अडकली, आणि मागचें चाक जागच्या जागीं थांबलें. भाचा गाडीसह आडवा झाला. गुडघा सोलवटला, कोपर सुजलें. कडेला दगडांऐवजीं भाताचें खाचर होतें म्हणून एवढ्यावरच निभावलें. इंजिनाच्या कवचास तडा गेला तो वेगळा. साखळी, दोन्ही स्प्रॉकेटें आणि मजुरी मिळून पांच हजारांवर खर्च गॅरेजवाल्यानें सांगितला.

अपराधी कोण, ह्याविषयीं भाच्याच्या मनांत शंका नव्हती. "मामा, दर रविवारी मी त्याला दीडशे रुपये मोजतो. चेन खराब होत होती तर त्यानं सांगायला नको?" आम्हीं विचारलें, "साखळीला तेल शेवटचं केव्हा घातलंस?" तो म्हणाला, "तो धुतो ना!" धुणें आणि तेल घालणें ह्या दोन क्रिया एक नव्हेत, किंबहुना कित्येकदां एकमेकींच्या वैरिणी असतात, हें इंजिनियरिंगची पदवी घेतलेल्या त्या तरुणाच्या मनास शिवलेंच नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर तें आमच्याही मनास शिवलें नव्हतें. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका कपाटांतून काढली. ती प्लास्टिकच्या पिशवींत जशीच्या तशी होती. पिशवी आम्हींच कातरीनें फोडली.

साखळी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें कडींत कडी अडकविलेली दाराची साखळी येते. वाहनाची साखळी ही निराळीच वस्तु आहे. मँचेस्टरमध्यें स्थायिक झालेला स्विस यंत्रज्ञ हान्स रेनोल्ड ह्यानें १८८० सालीं तिला जें रूप दिलें तेंच बहुतांशीं अद्याप चालत आलें आहे: पट्ट्यांमधून आरपार गेलेली खीळ, खिळीवर पोकळ नळी, आणि नळीवर मोकळा फिरणारा रूळ. रूळ चक्राच्या दांत्यांमध्यें बसतो. साखळी चक्रावर वळते तेव्हां प्रत्येक खीळ नळीच्या आंत किंचित् फिरते, आणि खरी झीज होते ती ह्या आंतल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या जागीं. साखळी ताणली असें आपण म्हणतों. परंतु लोखंड कांहीं ताणलें जात नाहीं, प्रत्येक सांध्यांत केसाएवढी जागा मोकळी होते, इतकेंच. एकाद्या साखळींत ११० सांधे आहेत आणि प्रत्येकांत एक दशांश मिलिमीटर झीज झाली आहे असें धरलें, तर सारी साखळी ११ मिलिमीटरांनीं लांबते. एकेका सांध्याकडे पाहून कोणासही दोष दिसणार नाहीं. दोष असतो तो बेरजेंत, आणि बेरीज पुढें येते ती बहुधा उतारावर.

अलीकडील पुष्कळ मोटारसायकलींच्या साखळींत खिळीच्या दोन्ही टोकांस रबराच्या बारीक कड्या बसविलेल्या असतात. खीळ व नळी ह्यांमधील वंगण कारखान्यांत एकदांच भरतात. ह्या कड्या तें जन्मभर आंत कोंडून ठेवतात. तें एकदां गेलें कीं पुन्हा भरतां येत नाहीं. आपण बाहेरून तेल लावतों तें रुळांसाठीं, गंज चढूं नये म्हणून, आणि त्या कड्या कोरड्या पडूं नयेत म्हणून. आतां वॉशिंग सेंटरांत काय होतें तें पाहावें. जोरदार दाबाचा फवारा नेमका ह्या कड्यांवर रोखला जातो, आणि पाण्याबरोबर बारीक रेती आंत घुसते. चिखल निघेना तर तारेचा ब्रश. चकाकी यावी म्हणून पेट्रोल, जें रबराचें हाडवैरी. शेवटीं कोणाच्या तरी इंजिनांतून काढलेलें काळें जळकें ऑइल वरून ओततात. त्यावर पुढच्या रविवारची माती बसते, आणि सहाणेवर खोड फिरावें तसा रूळ दांत्यावर फिरूं लागतो.

योग्य रीत ह्याहून पुष्कळ सौम्य आहे. थोडें रॉकेल (हल्लीं तेंही शोधावें लागतें), मऊ ब्रश, कोरडें फडकें. गाडी नुकतीच फिरवून आणलेली असावी, म्हणजे साखळी कोमट असते. मग खालच्या पदराच्या आंतल्या बाजूस नव्वद नंबरच्या गिअर ऑइलची बारीक धार धरावी, चाक हातानें हळूहळू फिरवावें, रात्रभर तेल मुरूं द्यावें आणि सकाळीं वरचें सगळें पुसून टाकावें. वर राहिलेलें तेल साखळीच्या कामाचें नसतें, तें केवळ धूळ गोळा करतें. चिखलांत चालणाऱ्या गाडीचें मागचें चाक फार वरखालीं होत असल्यामुळें तिची साखळी रस्त्यावरच्या गाडीहून सैल ठेवावी लागते. ती नीटनेटकी दिसावी म्हणून आवळून टाकणें हीही एक चूकच. ह्या सर्व सूचनांच्या माथ्यावर ठळक अक्षरांत आणखी एक सूचना छापलेली होती: साफसफाईच्या वेळीं इंजिन बंद ठेवावें. ती आम्हीं वाचली आणि पुढें गेलों.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं भाच्यासह आम्ही त्या पोराकडे गेलों. वय एकोणीस-वीस, बीडकडून आलेला, पायांत गमबूट, अंगावर भिजून काळा झालेला सदरा. त्यानें सारें निमूटपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "चेनचं मला कुणी कधी काही सांगितलंच नाही, काका. धुवायचे पैसे मिळतात. तेलाचे कोण देतंय? गिऱ्हाइकाला चकचकीत पाहिजे." आपलें म्हणणें पटावें म्हणून त्यानें समोरच उभ्या असलेल्या एका गाडीची साखळी बोटांनीं उचलून दाखविली. तिला वर्षभरांत तेलाचा थेंब लागला नव्हता, असें तो सांगत होता. परंतु आमचें लक्ष साखळीकडे नव्हतें. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचें पहिलें पेर नव्हतें.

विचारलें तेव्हां तो सहज म्हणाला, "मागच्या दिवाळीत. गिऱ्हाईक घाईत होतं. म्हणालं, गिअरमध्ये टाक, चाक आपोआप फिरतंय, तू नुसतं फडकं धरून ठेव." फडकें साखळीबरोबर गेलें आणि फडक्याबरोबर बोट. गिऱ्हाइकानें आपल्याला दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन सोडलें, हें तो कृतज्ञतेनें सांगत होता.

खटला तेथेंच संपला असें लिहितां आलें असतें तर बरें झालें असतें. भाच्यानें पांच हजारांची गोष्ट काढली नाहीं हें खरें. परंतु परत येतांना तो म्हणाला, "वाईट झालं, मामा. पण त्याच्या बोटाचा आणि माझ्या चेनचा काय संबंध?" तर्काच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें बिनतोड होतें. कोणा तिऱ्हाइताच्या घाईपायीं गेलेलें बोट हा आमच्या भाच्याच्या गैरसावधपणाचा पुरावा होऊं शकत नाहीं. वर्गांत एकाद्या विद्यार्थ्यानें तसा युक्तिवाद केला असता तर आम्हींच तो खोडून काढला असता. तरीही संबंध आहे असें आमचें मन सांगत होतें, आणि त्या संबंधाचा शोध घेण्यांत पुढचे कित्येक दिवस गेले.

आपल्याकडे योगक्षेम हा शब्द इतका रुळलेला आहे कीं त्यांत दोन शब्द आहेत ह्याचाही आपणांस विसर पडतो. गीतेच्या नवव्या अध्यायांत भगवंतांनीं भक्ताचा योगक्षेम वाहण्याचें आश्वासन दिलें आहे. १९५६ सालीं स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळानें आपलें बोधवाक्य तेथूनच घेतलें. शंकराचार्यांनीं भाष्यांत ह्या जोडशब्दाची फोड केली आहे ती अशी: जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें म्हणजे योग, आणि मिळालेलें राखणें म्हणजे क्षेम. दोन्ही एकाच पदांत शेजारीं शेजारीं बसविलेलीं आहेत. व्यवहारांत मात्र योगाला पाट आणि क्षेमाला उंबरठा, असा प्रकार आहे. गाडी आली त्या दिवशीं पेढे वांटले, हार घातला, चाकाखालीं लिंबू ठेवलें. दसऱ्यास तिला झेंडूची माळ घालतों आणि माळेच्या हातभर खालीं साखळी तांबूस गंजलेली असते. त्या पूजेचा आम्ही उपहास करीत नाहीं. आम्हीही ती करतों. परंतु वर्षांतून एकदां हात जोडणें आणि पंधरा दिवसांनीं एकदां हात घालणें ह्यांपैकीं पहिलें आपणांस किती सोपें वाटतें! पूल झाला कीं कोनशिला बसते. त्याच पुलाचे खिळे वर्षानुवर्षें ठोकून पाहणाऱ्याच्या नांवाची शिला आम्हीं कोठें पाहिलेली नाहीं. २०२५ च्या जूनमध्यें मावळांत इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा लोखंडी पूल माणसांसह कोसळला, तेव्हां चार दिवस क्षेमाची चर्चा झाली.

ह्याचें कारण केवळ आळस, असें आम्हांस वाटत नाहीं. तें क्षेमाच्या फळांतच आहे. योगाचें फळ दिसतें, मोजतां येतें, शेजाऱ्यांस दाखवितां येतें. क्षेमाचें फळ म्हणजे कांहीं न घडणें. ज्या रविवारीं साखळी निसटली नाहीं त्या रविवारची नोंद कोणत्या वहींत करावयाची? आणि जें दिसत नाहीं त्याचा भाव ठरत नाहीं. भाव ठरत नाहीं म्हणून तें बाजारांत मिळत नाहीं. बाजारांत क्षेम म्हणून जें विकत मिळतें तें क्षेमाचें नुसतें दर्शनी रूप, म्हणजे चकाकी. तो पोरगा चकाकी विकत होता, कारण आपण सगळे तीच मागतों, आणि तीही लवकर मागतों. भाच्यानें दीडशे रुपयांत जी वस्तु मागितली तीच त्या घाईच्या गिऱ्हाइकानेंही मागितली होती: आपल्या गाडीकडे स्वतः न पाहण्याची मुभा. एकाच्या बाबतींत तिची किंमत साखळीनें दिली, दुसऱ्याच्या बाबतींत पोराच्या बोटानें. आम्हांस जाणवणारा संबंध तो हाच.

ह्यावर श्रमविभागाचा आक्षेप येईल. ज्यानें त्यानें आपली साखळी स्वतः पुसावयाची तर शस्त्रक्रिया कोणीं कराव्या आणि व्याख्यानें कोणीं द्यावीं? २०२४ च्या जानेवारींत बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या, त्या पाहावयास भाचा गेला होता. मातीच्या उंचवट्यांवरून गाड्या घरांच्या छपराएवढ्या उंच उडत होत्या, असें तो अजून सांगतो. त्या स्वारांस स्वतःचे मेकॅनिक असतात. त्यांची गाडी दुसराच कोणी राखतो. मग त्यांसही दोष द्यावयाचा काय? नाहीं. कारण त्या स्वारानें काम सोंपविलेलें असतें, जाणीव सोंपविलेली नसते. साखळी कशानें मरते हें तो जाणतो, काय केलें तें विचारतो, आणि उत्तर चुकलें तर प्राण त्याचाच जाणार असतो. आमच्या भाच्याला विचारावयाचें काय हेंच ठाऊक नव्हतें. आणि ज्याला विचारतां येत नाहीं त्यानें काम दुसऱ्याकडे सोंपविलें असें म्हणणें हा भाषेचा दुरुपयोग आहे. त्यानें तें टाकलें होतें.

शिवाय श्रमविभाग हा शब्द आमच्या देशांत जरा जपून वापरलेला बरा. जातिसंस्था ही श्रमाची वांटणी नसून श्रमिकांची वांटणी आहे, हें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालच्या आपल्या जातिनिर्मूलनावरील भाषणांत दाखवून दिलेंच आहे. काळें ऑइल कोणाच्या नखांत जावयाचें आणि कोणाच्या नाहीं, हें आपल्याकडे वेळेच्या हिशेबानें ठरत नाहीं. आमच्यासारख्या पांढरपेशांस रविवारीं दोन तास झोंपावयास सांपडतात. वेळ नाहीं ही आमची अडचण नव्हे.

येथें आम्हांस आमची स्वतःची साक्ष काढावी लागते, आणि ती आमच्या विरुद्ध जाते. आमचे वडील सरकारी कचेरींत कारकून होते. पुणें तेव्हां सायकलींचें शहर होतें. दर रविवारीं सकाळीं ते वाड्याच्या चौकांत सायकल उलटी करीत, खालीं जुना कागद पसरीत, आणि लांब चोंचीच्या तेलाच्या डब्यानें साखळीच्या एकेका कडीवर थेंब सोडीत. डब्याचा बूड दाबतांना होणारा तो टक्-टक् आवाज आम्हांस अजून ऐकूं येतो. आम्ही इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करीत असतां एका रविवारीं कॉलेजांतील दोन मित्र अचानक आले. वडील धोतर खोंचून, कोपरापर्यंत काळे हात घेऊन चौकांत बसले होते. आम्हीं मित्रांस दिंडीदरवाजांतूनच परत फिरविलें. वडिलांनीं तें पाहिलें. ते कांहीं बोलले नाहींत. पुढच्या रविवारीं त्यांनीं सायकल मागच्या बोळांत नेली, आणि त्यानंतर ते कधींच चौकांत बसले नाहींत. आम्हांस नोकरी लागली तेव्हां आम्हीं स्कूटर घेतली, पुढें मोटार घेतली. त्यांपैकीं कशालाही आमचा हात लागला नाहीं. भाचा ज्या घरांत राहतो तें हें घर. त्यानें आणखी कोठून शिकावें?

निर्जीव वस्तूशीं कर्तव्य कसलें, असें कोणी विचारील. पोळ्याच्या आदल्या दिवशीं शेतकरी बैलाचे खांदे मळतो, त्यांचें कारण कळतें. बैलाला जीव आहे, वर्षभर जूं वाहून त्याचा खांदा सुजतो. परंतु तोच शेतकरी गाडीच्या आंसालाही वंगण देत असे. खेड्यांत त्याला ओंगण म्हणत, आणि त्याचें नळकांडें गाडीखालीं टांगलेलें असे. आंसाला आत्मा आहे असें त्याला वाटत नव्हतें. कोरड्या आंसाचा भार बैलाच्या मानेवर पडतो, हें त्याला ठाऊक होतें. आमच्या गाडींत बैल नाहीं. म्हणून तो भार कोणाच्या मानेवर पडतो हें आम्हांस दिसेनासें झालें आहे, इतकेंच.

हें सारें आम्हीं भाच्यास सांगितलें नाहीं. तरुण माणसाला एवढें लांबलचक ऐकविण्यांत अर्थ नसतो, आणि वाड्यांतली ती गोष्ट तर आम्हीं आजवर घरांतही कोणाला सांगितली नव्हती. नवी साखळी बसली तेव्हां एवढेंच म्हटलें कीं ब्रश आणि तेल आम्ही आणतों. तेव्हांपासून एक रविवार सोडून एक रविवार आम्ही दोघे इमारतीच्या पार्किंगमध्यें बसतों. गाडीची किल्ली आमच्या सदऱ्याच्या खिशांत असते. तो चाक फिरवितो, आम्ही पाटावर बसून तेल सोडतों, आणि पट्टी लावून साखळीचा झोल मोजतों. जातां-येतां शेजारी विचारतात, "मेकॅनिक मिळाला नाही का, सर?" भाचा प्रथम ओशाळत असे. काळें ऑइल नखांतून दोन दिवस निघत नाहीं, आणि सोमवारीं खडू धरतांना विद्यार्थी बोटांकडे पाहतात, हें आम्हांस आतां अनुभवानें कळलें आहे.

आमची मोटार मात्र अद्याप त्या वॉशिंग सेंटरांतच जाते. गेल्या आठवड्यांत ती घेऊन गेलों तेव्हां एक मोटारसायकल स्टँडवर चढविलेली होती, इंजिन सुरू होतें, मागचें चाक गरगर फिरत होतें, आणि पोरगा फडकें घेऊन त्याच्यापाशीं उकिडवा बसला होता. आम्ही लांबूनच ओरडलों. त्यानें किल्ली फिरवून इंजिन बंद केलें, वर पाहून हंसला आणि म्हणाला, "केलं बंद, काका. पण गिऱ्हाईक उभं आहे ना."

गिऱ्हाईक शेजारींच उभें होतें. तें मोबाइलमध्यें कांहींतरी पाहत होतें.